स्थानिक लोखंड

पांढरखेडीच्या चुंबकीय वेधशाळेत जायचं तर माणसाला अंगावरचं लोखंड फाटकाशी काढून ठेवावं लागे, आणि ते काढून घ्यायचं काम गुलाब आत्राम गेली सव्वीस वर्षं करत होता. पट्टा, किल्ल्या, घड्याळ, बायकांच्या पदराची पिन. एकदा दिल्लीहून आलेल्या सचिवसाहेबांचा पट्टा त्याने उतरवून घेतला, आणि साहेबांनी सगळी पाहणी एका हाताने पँट धरून केली. अहवालात त्यांनी ‘कर्मचारी अतिदक्ष’ असा शेरा मारला. हे कौतुक होतं की तक्रार, यावर गुलाब आणि प्रफुल्ल देवतळे यांचं अजून एकमत झालेलं नव्हतं.

देवतळे वेधशाळेचे मुख्य निरीक्षक होते. दुसरा निरीक्षक नसल्यामुळे मुख्य. एकतीस वर्षं नोकरी झाली होती आणि चेहऱ्यावर कायम असा भाव असे, की आत्ताच कोणीतरी त्यांना एक लांबलचक परिपत्रक वाचून दाखवलं आहे.

वेधशाळा इथे असायला कारण होतं. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या दगडावर बसलेला, आणि काळ्या दगडात लोह. विदर्भाच्या या कोपऱ्यात मात्र खाली चुनखडी. म्हणून सरकारने इथे चुन्याच्या भिंतींची, तांब्याच्या खिळ्यांची, पितळी बिजागऱ्यांची एक खोली बांधली आणि तिच्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक ठेवला. मग पुढची साठ वर्षं सरकार ते विसरून गेलं. वेधशाळेच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ होता.

मोजायचं काय, हे देवतळे शाळेच्या सहलींना असं सांगत. सूर्यावरून रात्रंदिवस एक वारा सुटलेला असतो. त्यात हवा नसते, विद्युतभारित कण असतात, आणि ते सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने येतात. आपल्या पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या वाऱ्यात तंबूसारखं उभं आहे. वारा संथ असला की तंबूचं कापड स्वस्थ असतं. वेग सहाशे-सातशेवर गेला की कापडाच्या दोन्ही अंगांना लाटा उठतात, तळ्यावर उठतात तशा. वाऱ्याचा दाब कमीजास्त झाला की समोरचं कापड आत दबतं, बाहेर येतं. ही थरथर क्षेत्ररेषांवरून उतरत जमिनीपर्यंत पोचते, आणि आपल्या खोलीतला काटा दर काही मिनिटांनी जरासा वर, जरासा खाली होतो. जरासा म्हणजे चाळीस हजारांत पाच-सात. एवढं सांगून होईपर्यंत मुलं खोलीबाहेरच्या सरड्याकडे बघत असत.

माणसाला ही थरथर कळत नाही. वर अवकाशातल्या इलेक्ट्रॉनांना कळते. झोका नेमक्या क्षणी ढकलत राहावा तशी ती लाट त्यांना ढकलत राहते. दीड-दोन दिवसांत त्यांच्या अंगात इतका जोर येतो की ते उपग्रहाच्या कवचातून आत शिरतात, आतल्या वेष्टणांत साठत जातात, आणि मग एक ठिणगी पडते. उपग्रह मुका होतो. झोपवून ठेवलेला उपग्रह मात्र सहसा वाचतो.

उपग्रहांवर सगळा देश लटकायला लागला, तेव्हा सरकारला चुन्याची खोली आठवली. तोवर ‘पूर्वस्पंदन’ आलं होतं. सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर एक पहारेकरी यान होतं. ते येणारा वारा चाखे, आणि पूर्वस्पंदन नावाचं यंत्र त्यावरून तासभर आधी सांगे की कुठल्या वेधशाळेत काटा किती हलणार. ते इतकं बरोबर येऊ लागलं की देशातल्या वेधशाळा बंद होत होत तीन उरल्या. या तीन कशाला, तर यंत्राची पडताळणी करायला. मोजमाप यंत्राशी जुळलं की देवतळे सही करत. जुळलं नाही की चौकशी मोजमापाची होई.

त्यासाठी एक फॉर्म होता. पर्याय अ: स्थानिक लोखंड. त्याखाली तेवीस प्रकारांची यादी: सायकल, चावी, डबा, बैलाची नाल, पाहुणे. पर्याय ब: नैसर्गिक. ब निवडला तर आपोआप ‘दक्षता’ जाहीर होई आणि इलेक्ट्रॉन यायच्या वेळी देशाच्या डोक्यावरचे सगळे उपग्रह दोन दिवस झोपवले जात. अकरा वर्षांत ब कोणीही निवडला नव्हता. दक्षता चार-पाचदा लागली होती, पण ती यंत्राने स्वतःच्या अकलेने लावली होती.

*

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी नऊ चाळीसला काटा हलला.

पूर्वस्पंदन म्हणत होतं: शांत. पहारेकरी यान म्हणत होतं: वारा तीनशे साठ, दाब मामुली. आणि पडद्यावर एक देखणी, गोल लाट वर जात होती, खाली येत होती. पाच मिनिटं दहा सेकंद. पुन्हा पाच मिनिटं दहा सेकंद. आठने वर, आठने खाली. अर्ध्या तासात फॉर्म उघडला. उत्तर द्यायला दोन तास.

देवतळेंनी गुलाबला हाक मारली.

“पाहिलं साहेब,” गुलाब म्हणाला. “कुंपण फिरून आलो. कुत्रं बी नाही. अन् कोनी लोखंड घेऊन दर पाच मिन्टाले येरझारा घालत असन, तर त्याले आपन नोकरीवर ठेवलं पायजे.”

देवतळेंनी उरलेल्या दोन वेधशाळांना फोन लावले. एक दक्षिणेत, बाराशे किलोमीटरवर. दुसरी पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेला. दोन्हीकडे तीच लाट, त्याच सेकंदाला आलेली.

“मग तुम्ही काय लिहिलं?”

दक्षिणेत सायकल लिहिली होती. पश्चिमेला पाहुणे.

फोन ठेवून देवतळे पुन्हा पडद्याकडे वळले. काय झालं असावं ते त्यांना दिसत होतं. सूर्याचा वारा एकसंध येत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी येतो. पहारेकरी रस्त्याच्या डाव्या कडेला बसला होता आणि वरात उजव्या कडेने निघून गेली होती. यानाला लागला तो वारा वेगळा, पृथ्वीला लागला तो वेगळा. यंत्राने खोटं काही सांगितलेलं नव्हतं. त्याला जे चाखायला मिळालं, ते शांतच होतं.

आणि ही लाट खरी असेल तर इलेक्ट्रॉन बुधवारी सकाळी येणार होते. बुधवारी सकाळी दहाला ज्योत्स्नाचं ऑपरेशन होतं.

ज्योत्स्ना त्यांची बायको. तेवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेली. पाठीच्या मणक्यात नस दबून दोन वर्षं झाली होती. आता डावं पाऊल उचललं जात नव्हतं. चालता चालता त्या पायातली चप्पल मागे राहून जाई आणि तिला ते दहा पावलांनी कळे. आठ महिने रांगेत थांबून तालुक्याच्या दूरशल्य केंद्रात तारीख मिळाली होती. सर्जन बंगळुरूत बसणार, अवजारं इथे चालणार, आणि मधली दोरी उपग्रहाची. जमिनीखालून केबल होती, पण ती कोळशाच्या खाणीतली यंत्रं दर पंधरवड्याला उकरून काढत, म्हणून केंद्राने तिचा नाद सोडला होता.

देवतळेंनी केंद्राचे डॉक्टर ढवस यांना फोन केला.

“डॉक्टर, एक विचारतो. ऑपरेशनच्या मध्येच संपर्क गेला तर?”

“नाही जात हो. अकरा वर्षांत एकदाही नाही गेला.”

“का नाही गेला?”

“पूर्वस्पंदन आहे न! धोका असला की ते आधीच सांगतं, आम्ही तारीखच देत नाही. तुमच्याच खात्याचं तर आहे ते. तुम्ही मला काय विचारून राहिले?”

“समजा, गेलाच.”

“गेलाच तर अवजार जिथल्या तिथं थांबते. मग मी पुढचं सांभाळतो.”

“तुम्ही शेवटचा मणका कधी उघडला होता?”

 “सोळा वर्षं झाली असतील,” ते म्हणाले. “पण तुम्ही असं काहून बोलून राहिले, देवतळे?”

तेवढ्यात पुण्याहून उपसंचालक मृण्मयी सबनीस यांचा फोन आला. वयाने वीस वर्षांनी लहान, स्वभावाने बऱ्या, आणि त्यांच्याही मागे वरचं कोणीतरी होतंच.

“देवतळे सर, फॉर्म उघडा दिसतोय तुमचा.”

“हो मॅडम. लोखंड शोधतोय.”

“सापडेल ना?”

“बाराशे किलोमीटर लांबीचं लागेल.”

“सर, मी तुम्हाला काहीच सुचवत नाहीये. फक्त आठवण करून देते, की ब अजून कोणी दाबलेला नाही.”

“म्हणजे तो चालतो की नाही, हेही माहीत नाही.”

“बटण आहे, सर. चालत असेल.” त्यांनी एक सुस्कारा टाकला. “वहिनींचं परवा आहे ना?”

“आहे.”

“मग?”

 देवतळेंनी फोन ठेवला. दारात गुलाब उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. चुन्याच्या खोलीत आवाज चांगला घुमतो.

“साहेब, माह्याजवळ आडकित्ता होता म्हना.”

“काय?”

“कमरेले खोचून आत आलो म्हना. इसरलो म्हना. वय झालं म्हना माह्यं.” तो खाली बघत होता. “वहिनीचं होऊन जाऊ द्या.”

सव्वीस वर्षांत ज्याने सचिवांचा पट्टा सोडला नाही, तो माणूस स्वतःच्या फाटकातून अडकित्ता आणायला निघाला होता. देवतळेंना क्षणभर वाटलं, द्यावं लिहून. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ज्योत्स्नाची पाठ आली, उघडी, आणि मणक्यात जिथल्या तिथं थांबलेलं अवजार, आणि सोळा वर्षांनी हात धुणारे ढवस.

“आडकित्ता दर पाच मिनिटांनी वरखाली होत नाही, गुलाब,” ते म्हणाले आणि त्यांनी ब दाबला.

बटण चालत होतं.

*

घरी पोचले तेव्हा ज्योत्स्ना पलंगावर बसून दवाखान्याची पिशवी उपसत होती. केंद्राचा निरोप त्यांच्याआधी पोचला होता: दक्षतेमुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे, पुढील तारीख सत्तावीस मार्च.

“मार्च!” ती म्हणाली. “पाच महिने! कोणत्या मेल्यानं केलं असेल हो हे? काही काम नाही त्यांना. एसीत बसायचं अन् बटणं दाबायची.”

“एसी बंद आहे,” देवतळे म्हणाले. “जूनपासून.”

ज्योत्स्नाने हातातला टॉवेल खाली ठेवला. तिला कळायला फार वेळ लागत नसे. उलट तोच तिच्याबरोबरच्या संसारातला मुख्य त्रास होता.

“तुम्ही?”

“मी.”

“माझी तारीख डोळ्यांसमोर होती न तुमच्या?”

“होती. म्हणूनच. अवजार आत असताना संपर्क गेला असता तर—”

“शक्यता किती होती?”

“पन्नास टक्के. साठ म्हण.”

“संपर्क जायची?”

“जोराचे इलेक्ट्रॉन यायची. त्यातून आपलाच उपग्रह बंद पडायची… दहात एक.”

“दहात एक. अन् पाच महिन्यांत माझं पाऊल कायमचं जायची?”

 ढवसांनी सत्तर टक्के सांगितलं होतं, दोघांच्याही समोर.

“गणित मी शिकवत होती,” ज्योत्स्ना म्हणाली, “अन् उत्तर तुम्ही लिहून आले.”

“तू एकटी नव्हतीस त्यात. देशात आणखीही लोक टेबलावर असते.”

“असतील. त्यांचे नवरे वेधशाळेत नसतील.”

बुधवार उजाडला आणि मावळला. दोन दिवस आकाश झोपलेलं होतं. वावरांतली बिनचालकाची कापूस वेचायची यंत्रं जिथल्या तिथे उभी राहिली आणि बाया पुन्हा ओटी बांधून वेचायला लागल्या. टीव्ही नाही, नकाशे नाहीत. जिल्ह्याला जाणारी एक बस रस्ता विचारत विचारत गेली. शुक्रवारी सकाळी उपग्रह जागे झाले, सगळेच्या सगळे धडधाकट. काहीही झालं नव्हतं.

इलेक्ट्रॉन आले होते का? ते मोजणारी यंत्रंही त्याच उपग्रहांवर होती, आणि तीही झोपली होती. चोर आला होता की नाही हे सांगायला घरात कोणी जागं नव्हतं, आणि कुलूप शाबूत असल्यामुळे सगळ्या गावाने ठरवलं की कुलूप लावणारा मूर्ख.

*

दहा दिवसांनी मृण्मयी सबनीस स्वतः आल्या. गुलाबने त्यांचं घड्याळ, पिना आणि केसांतला चाप काढून घेतला, आणि त्या मोकळ्या केसांनी देवतळेंसमोर बसल्या. त्या अवतारात त्या उपसंचालक वाटत नव्हत्या, हे त्यांनाही माहीत होतं.

“सर, चौकशी समितीला दोन रस्ते दिसतायत,” त्या म्हणाल्या. “एक, तुमचा ब कायम ठेवायचा. मग ही नैसर्गिक आपत्ती. नैसर्गिक आपत्तीत ज्यांची ऑपरेशनं चुकली त्यांना भरपाई नाही, प्राधान्य नाही. नवीन तारीख, रांगेच्या शेवटी.”

“मार्च.”

“मार्च. दुसरा रस्ता, तुम्हाला आता लोखंड सापडलं. मग ही मानवी चूक. मानवी चुकीत चुकलेल्या सगळ्या रुग्णांना पंधरा दिवसांत तारीख द्यायची असा नियम आहे. देशभरात चारशे बारा जण आहेत.”

“आणि मला?”

“तुम्हाला समज. लेखी. एक वेतनवाढ जाईल.”

देवतळे खिडकीबाहेर बघत होते. “लाट खरी होती, मॅडम.”

“मलाही तसंच वाटतं,” मृण्मयीबाई हळूच म्हणाल्या. “तिन्ही नोंदी मी एकावर एक ठेवून बघितल्या. पण सर, ती येऊन गेली. आता काय लिहिलं तर कोणाचं नुकसान आहे?”

“हे यंत्राला शिकवतात का?”

“मान्य झालेला प्रत्येक अहवाल शिकवतात.”

“दोघांनी आधीच सायकल आणि पाहुणे शिकवलेत.”

“ते दोघं नेहमीच शिकवतात. ब फक्त तुमचा आहे.”

त्या संध्याकाळी त्यांनी ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. ती भिंतीला धरून स्वयंपाकघरातून बाहेर आली, डावं पाऊल फरशीवरून ओढत. तो आवाज आता घराच्या सवयीचा झाला होता.

“मी काही सांगणार नाही,” ती म्हणाली. “सांगितलं तर जन्मभर म्हणाल, हिच्यासाठी केलं.”

“तुझ्यासाठीच करणार.”

“मग मला विचारून नका करू.”

देवतळे थकले होते. खरं लिहिलं तेव्हा त्याची किंमत मोजली होती, आणि मोबदल्यात जे मिळालं ते ‘काहीही झालं नाही’ एवढंच. खोटं लिहायला आता कोणाची पाठ उघडी नव्हती. चारशे बारा माणसांचं भलं होत होतं. इतकं सोयीचं, सुरक्षित आणि परोपकारी खोटं एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर कोणी ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुधारित अहवाल भरला. पर्याय अ. प्रकार: चावी. धारक: प्र. देवतळे.

गुलाबने तो वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

“साहेब, माह्या फाटकातून तुमी चावी घेऊन आत गेले?”

“फक्त कागदावर, गुलाब.”

“कागदावर बी फाटक माह्यंच हाय.”

“तूच तर आडकित्ता देत होतास!”

“तो माहा होता. मी देत होतो. तुमी न इचारता घेतलं.” आणि चार दिवस तो देवतळेंशी बोलला नाही. फक्त रोज सकाळी त्यांचे खिसे दोनदा तपासत राहिला.

*

ज्योत्स्नाचं ऑपरेशन त्यानंतर अकराव्या दिवशी झालं. संपर्क क्षणभरही हलला नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या अंगठ्याने पहिल्यांदा मान वर केली. जानेवारीत ती अंगणातून चालली, फेब्रुवारीत शाळेपर्यंत. देवतळेंनी समजेचं पत्र कपाटात ठेवलं आणि सुखी माणसासारखं वागायचा प्रयत्न केला. जमतही होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी नऊ पाचला, काटा हलला.

यान म्हणत होतं शांत, यंत्र म्हणत होतं शांत. लाट चार मिनिटं पन्नास सेकंदांची, या वेळी अकराने वर, अकराने खाली. देवतळे फॉर्मची वाट बघत बसले. अर्धा तास झाला, तास झाला, फॉर्म उघडलाच नाही. त्याच्या जागी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ आली: ‘स्थानिक लोखंड, प्रकार चावी. स्वयंचलित नोंद. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

त्यांनी पुण्याला फोन लावला.

“सर, आता विचारत नाही ते,” मृण्मयीबाई म्हणाल्या. “महिन्याभरापासून. तुमच्या अहवालानंतर यंत्राची खात्री वाढली. अशी लाट आणि शांत वारा म्हणजे लोखंड, नव्व्याण्णव टक्के.”

“माझा अहवाल मागे घेतो.”

“घेता येईल. आधी खोटा अहवाल दिल्याचं मान्य करायचं, मग समिती. सहा महिने.”

“इलेक्ट्रॉन गुरुवारी येतायत, मॅडम.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई म्हणाल्या, “मी वर जाते. आत्ता जाते. पण सर, त्यांनी ऐकलंच असं धरून चालू नका.”

ढवसांचं उत्तर आणखी छोटं होतं. गुरुवारी तीन ऑपरेशनं होती, तिन्ही पेशंट आजच भरती झाले होते. थांबवायचं तर कारण लागतं, आणि यंत्र शांत म्हणत असताना डॉक्टरने कारण काय लिहायचं? “हां, पेशंटनं स्वतःहून नाही म्हटलं तर गोष्ट वेगळी,” ते म्हणाले. “तो त्यांचा हक्क आहे. पण कोण म्हणेल हो? आठ-आठ महिने रांगेत थांबलेले लोक आहेत.”

देवतळे उठले. फाटकाशी गुलाबने त्यांचं घड्याळ परत केलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

“कुठं जाऊन राहिले साहेब?”

“तालुक्याला. तिघांना भेटायला.”

“तुमचं कोन ऐकन?”

“कोणी नाही.”

“जा मंग,” गुलाब म्हणाला. “मी इथं हावो.”

बसथांब्यावर ज्योत्स्ना आधीच उभी होती. गुलाबने वेधशाळेचा फोन बहुतेक याच एका कामासाठी वापरला असावा. बस आली तेव्हा तिने दांडा न धरता डावं पाऊल पायरीवर टाकलं आणि वर चढली.

“तू कशाला?” देवतळेंनी विचारलं.

“तुम्ही सूर्यापासून सुरुवात कराल. मला माहीत आहे न.”

त्यांनी खरोखरच सूर्यापासून सुरुवात केली. केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, पलंग क्रमांक चारजवळ, एक म्हातारा पालथा झोपला होता आणि त्याची सून, उषा कोरांगे, स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. वारा, तंबू, लाट, इलेक्ट्रॉन, हे सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं. विम्याचा एजंट दारात आला की बाया ज्या चेहऱ्याने ऐकतात, त्या चेहऱ्याने.

“तुमी डॉक्टर हाय का?”

“नाही.”

“डॉक्टर तं हो म्हनते. मशीन बी हो म्हनते म्हने. मंग आमी काहून थांबाचं? बुढा दीड वर्सापासून असा पालथा हाय, भाऊ. मोसंबी बी अशीच खाते.”

“आनखी दे न मोसंबी,” म्हातारा उशीतून म्हणाला.

 तेव्हा ज्योत्स्ना पुढे आली.

“बाई, इकडे पाहा.” आणि ती दोन पलंगांच्या मधून चालत खिडकीपर्यंत गेली, वळली, परत आली. टाच, मग बोटं. टाच, मग बोटं. “कशी चालते मी?”

“चांगल्या चालता न,” उषा म्हणाली.

“याच केंद्रात झालं माझं. मार्चमधे होणार होतं, नोव्हेंबरात झालं. रांगेत तुमच्यासारख्या कितीतरी जणांच्या पुढं. ते कसं झालं ते आता हे सांगतील. आधी ते ऐका. वाऱ्याचं मग ऐका.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली, नवऱ्याकडे न बघता. उषा कोरांगेने मोसंबीची फोड सासऱ्याच्या तोंडात दिली, हात पदराला पुसला आणि पहिल्यांदाच देवतळेंकडे नीट बघितलं.

“सांगा,” ती म्हणाली.

एकतीस वर्षांत देवतळेंनी जे सांगायचं ते फॉर्ममध्ये सांगितलं होतं. इथे फॉर्म नव्हता. 

“माझ्याजवळ चावी नव्हती,” ते म्हणाले.